दक्षिणेकडे चालत आलेली राजधानी

इंदूरहून सुटलेली आमची मोटार दीडएक तासाने उज्जैनच्या दक्षिण वेशीवर, नानाखेडा येथे येऊन थांबली. नाव खेड्याचे आहे, पण खेडे आता तेथे शोधूनही सापडावयाचे नाही. रुंद सडका, मोठे क्रीडांगण, दुकानांच्या उंच इमारती आणि इंदूरच्या दिशेने वाढत चाललेल्या वसाहती, असा तेथील देखावा आहे. यात्रेकरू या स्थानकात उतरतो, रिक्षा करतो आणि महाकालाच्या देवळाकडे निघून जातो. येथे थांबून पाहावे असे काही आहे, हे त्याच्या मनातही येत नाही. आमच्याही आले नसते; पण स्थानकाचे नाव वाचले आणि आमचे पाऊल थबकले. हे स्थानक राजाभाऊ महाकाल यांच्या नावाने ओळखले जाते. राजाभाऊ हे उज्जैनच्या एका मराठी पुजारी घराण्यातले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवामुक्तीच्या सत्याग्रहात, गोव्याच्या सीमेवर पोर्तुगीज शिपायांच्या गोळीने त्यांना मरण आले. आमच्या वाचकांपैकी कित्येकांचे गणगोत गोव्यात आहे. माळव्यातल्या एका मोटार स्थानकाचा आणि गोव्याच्या वेशीचा असा संबंध निघेल, हे घरून निघताना कोणी सांगितले असते तर आम्हांला खरे वाटले नसते.

उज्जैन ही एका काळची राजधानी आहे, हे शाळेत सर्वांनीच शिकलेले असते. अवंतीची राजधानी, परमारांच्या राज्यातील थोर नगरी आणि शेवटी शिंद्यांची राजधानी. पण एक गोष्ट शाळेत कोणी सांगत नाही, ती येथे चार दिवस पायी हिंडल्यावर कळते. हे शहर एका जागी उभे राहिलेले नाही. सर्वांत जुनी वस्ती उत्तरेला, तिच्या दक्षिणेस मध्ययुगातली व मराठ्यांची, पुढे रेल्वेपलीकडे संस्थानी काळातली आणि अगदी दक्षिणेस आजचे हे नानाखेडे. अडीच हजार वर्षे हे शहर सावकाश दक्षिणेकडे चालत आले आहे. आणि चालताना मागच्या घराच्या विटा पुढच्या घरासाठी उचलीत आले आहे. यास्तव आम्ही महाकालाकडे न जाता प्रथम उत्तरेचे टोक गाठले.

क्षिप्रेच्या काठी गढकालिकेच्या देवळाच्या आसपास उंचसखल जमीन आहे, तिला लोक नुसते 'गढ' म्हणतात. शेते आहेत, बाभळी आहेत, गुरे चरत असतात. पायाखाली मात्र जुनी उज्जयिनी आहे. ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याने येथे १९३८–३९ मध्ये खणून पाहिले. पुढे भारत सरकारच्या खात्याने श्री. एन. आर. बॅनर्जी यांच्या देखरेखीखाली १९५५ ते १९५८ या काळात अधिक खोल खोदकाम केले. तेव्हा ख्रिस्तपूर्व काळातला एक प्रचंड मातीचा तट उजेडात आला. त्याची तळाशी रुंदी सुमारे ७५ मीटर होती आणि उंची काही ठिकाणी १४ मीटरपर्यंत शिल्लक होती. तटाच्या आत सुमारे दीड किलोमीटर लांब आणि एक किलोमीटरहून अधिक रुंद असे नगर वसलेले होते. बाहेरून खंदक होता. नदीच्या बाजूला पाण्याचा मारा अडविण्यासाठी लाकडाचे मोठमोठे ओंडके रचलेले होते, आणि पुराने तट फुटल्याच्या व तो पुन्हा बांधल्याच्या खुणाही मिळाल्या. ज्यांच्या शेताचा बांध दर पावसाळ्यात ओढ्याने फोडला आहे, त्या आमच्या वाचकांना या खुणांचा अर्थ निराळा समजावून सांगावयास नको.

या मातीची दुसरी हकीकत अधिक जुनी आहे. १७९२ साली इंग्रज वकिलातीबरोबर विल्यम हंटर नावाचा एक वैद्य उज्जैनला आला. हा मनुष्य मोठा चौकस. त्याने लिहून ठेवले आहे की, गढाच्या जागी पंधरा ते अठरा फूट खणले की अखंड विटांच्या भिंती, दगडी खांब आणि कमालीचे कठीण झालेले लाकूड सापडते, आणि तेथून काढलेल्या विटा लोक बांधकामाला वापरतात. आकाशातून मातीचा पाऊस पडून जुने नगर गाडले गेले, अशी कथाही त्याच्या कानी आली होती. पाऊस बिऊस काही पडला नव्हता. घर पडावे, त्याच्या मातीवर दुसरे घर उठावे, नदीने गाळ आणावा आणि माणसांनी थोडे बाजूला सरकावे, असे शतकानुशतके होत आले. उज्जैनचे विख्यात संशोधक पद्मश्री विष्णु श्रीधर वाकणकर, ज्यांनी भीमबेटकाची चित्रमय गुंफाघरे जगापुढे आणली, तेही या शहराचे रहिवासी होते. खापराच्या एका तुकड्यावरून शतक सांगणारी अशी माणसे या मातीवरच तयार होतात.

गढावरून दक्षिणेला, महाकालाच्या देवळाजवळ आले की 'चौबीस खंबा' नावाचा दरवाजा लागतो. जुन्या महाकालवनात शिरण्याचा हा मार्ग होता असे सांगतात. परमारांच्या काळातले हे काम. दोन्ही बाजूंना जाड, कोरीव, काळसर खांब. आता त्यांच्या अंगाला घरे आणि दुकाने चिकटलेली आहेत आणि दरवाजातून सायकली व दुचाक्या जातात. हजार वर्षांच्या दरवाजाला अजून दरवाजाचेच काम आहे, ही गोष्ट आम्हांला फार आवडली. पुष्कळशा प्राचीन वास्तूंच्या नशिबी कुंपण आणि पाटी येते.

१२३५ च्या सुमारास दिल्लीचा सुलतान इल्तुत्मिश याने उज्जैनवर स्वारी करून महाकालाचे देऊळ पाडले. त्यानंतर सुमारे पाचशे वर्षे शहर राहिले, पण राजधानीचा थाट मांडूकडे गेला. त्या काळाची एक सुंदर आठवण शहराच्या बाहेर उत्तरेस आहे. माळव्याच्या खिलजी सुलतानांनी क्षिप्रेच्या पात्रातील बेटावर कालियादेह नावाचा महाल बांधला आणि नदीचे पाणी दगडी कुंडांतून व पन्हळींतून खेळविले. उन्हाळ्यात महाल थंड राहावा ही योजना. अकबर व जहांगीर हे दोघेही बादशाह तेथे येऊन गेले. पुढे पेंढाऱ्यांच्या धामधुमीत त्याची नासधूस झाली. १९२० मध्ये माधवराव शिंद्यांनी त्याची दुरुस्ती केली.

आता आमच्या माणसांची गोष्ट. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी चिमाजी अप्पाने अमझेऱ्याच्या लढाईत मोगलांच्या माळव्यातील फौजेचा मोड केला. वसईच्या वाचकांना चिमाजी अप्पा कोण हे सांगण्याची जरुरी नाही. अकरा वर्षांनी, १७३९ च्या मे महिन्यात, वसईचा किल्ला घेणारा तोच. माळवा हाती येताच पेशव्यांनी तो शिंदे, होळकर व पवार या सरदारांत वाटून दिला, आणि उज्जैन राणोजी शिंद्यांकडे आले. राणोजी स्वतः घोड्यावरचा माणूस. शहर बांधण्याचे काम पाहिले ते त्यांच्या दिवाणाने, रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी. आडनावच सांगते की घराणे कोकणपट्टीचे. समुद्रकाठचा हा शेणवी गृहस्थ काळ्या मातीच्या पठारावर आला आणि पाचशे वर्षांपूर्वी पडलेले महाकालाचे देऊळ त्याने पुन्हा उभे केले. आज दिसते ते देऊळ याच अठराव्या शतकातले. ते तीन मजली आहे. मुख्य गाभारा जमिनीच्या पातळीखाली, त्याच्यावर दुसरे देवस्थान, आणि सर्वांत वर नागचंद्रेश्वराचे, जे वर्षातून एकदा नागपंचमीलाच उघडतात. जुन्या माळवी शिखराची घडण आणि मराठी कारागिरी यांचा मेळ त्यात घातलेला आहे. शेजारी शिंद्यांचा महाराजवाडा. त्यात पुष्कळ वर्षे मुलांच्या शाळा भरत असत. अलीकडे त्याचे रूपांतर प्रवाशांच्या निवासगृहात झाले आहे.

हंटरने पाहिले ते शहर या सुखटणकरांच्या वारसांचे होते. सुमारे सहा मैल घेराचा दगडी कोट, त्याला गोल बुरूज. शिंद्यांच्या वाड्याविषयी त्याचे मत फारसे चांगले नाही. घर मोठे व सोयीचे आहे, पण त्यात काही डौल नाही, असे त्याने म्हटले आहे. मात्र मुख्य बाजाररस्त्याचे वर्णन तो मन लावून करतो. हा रस्ता रुंद, सरळ आणि दगडी फरसबंदीचा होता. दोन्ही बाजूंना दुमजली घरे. खालचा मजला बहुतेक दगडाचा, रस्त्यापासून पाचसहा पायऱ्या उंच, आणि त्यात दुकाने. वरचा मजला विटांचा किंवा लाकडाचा, त्यात दुकानदाराचे कुटुंब.

वाचकहो, हे वर्णन हातात घेऊन आज पटणी बाजार आणि गोपाळ मंदिराच्या आसपासच्या गल्ल्यांतून चालावे. सिमेंटच्या नव्या दर्शनी भिंती पुष्कळ झाल्या आहेत, पाट्या आणि तारांचे जाळे तर विचारू नये. तरी मधूनच एखादे घर असे लागते की हंटर आजही ते ओळखील. खाली उंच दगडी जोते, पायऱ्या, ओटा. वर लाकडी सज्जा, सुरूदार खांब, त्यांच्यावर महिरप. दिंडी दरवाजातून आत गेले की चौक. हे घर पुण्याच्या शनिवार पेठेत किंवा वाईच्या घाटावर उचलून ठेवले तर कोणाला परके वाटणार नाही. फरक इतकाच की दगड माळव्याचा आहे, आणि विटा कोठल्या आहेत हे देव जाणे. कदाचित गढावरच्याच.

या रस्त्यांच्या योजनेत एक शहाणपण आहे. पाचसहा पायऱ्यांचे जोते हे नुसते शोभेसाठी नव्हते. क्षिप्रा जवळ, पावसाळ्यात पाणी चढणार. दुकानातला माल कोरडा राहिला पाहिजे. उन्हाळा कडक, म्हणून गल्ली अरुंद आणि सज्जा पुढे आलेला, म्हणजे दुपारीही एका बाजूला सावली सापडते. आणि बारा वर्षांनी एकदा सिंहस्थ येणार. तेव्हा आपला ओटा ही आलेल्या पाहुण्याची निजण्याची जागा. घरमालकाने ओटा रस्त्याला दिलेला आणि रस्त्याने सावली घराला दिलेली, असा हा व्यवहार होता.

अशाच एका ओट्यावर आम्ही टेकलो असता आतून एका वृद्ध आजींनी विचारले, “कुठले आपण? दक्षिणेतले का?” माळव्यातील मराठी माणसे महाराष्ट्राला अजूनही पुष्कळदा 'दक्षिण' म्हणतात. आम्ही आमचे गाव सांगितले. “या ना भाऊ, आत या. चहा घेऊन जा,” म्हणाल्या. त्यांचे घराणे शिंदेशाहीत कोकणातून आलेले. सहासात पिढ्या झाल्या, पण बोलण्यात मध्येच हिंदी शब्द येई तेवढाच फरक. कुळाचार, पुरणपोळी आणि वर्तमानपत्र सर्व मराठी. दाराच्या चौकटीपासून दीडएक हात आत भिंतीवर लाल रंगाची एक उभी रेघ ओढलेली आम्हांला दिसली. ती कसली, म्हणून विचारले. “इथपर्यंत रस्ता येणार आहे,” त्या म्हणाल्या. त्या रेघेची गोष्ट पुढे येईल.

महाकालाच्या दक्षिणेला, क्षिप्रेच्या काठी जयसिंगपुरा नावाचा भाग आहे. राणोजींच्या आधी माळव्याचा बादशाही सुभेदार म्हणून जयपूरचा राजा सवाई जयसिंग येथे होता. त्याने पाच शहरांत वेधशाळा बांधल्या. दिल्ली, जयपूर, मथुरा, काशी आणि ही उज्जैनची. मथुरेची नामशेष झाली. उज्जैनच निवडण्याचे कारण असे की प्राचीन भारतीय ज्योतिषी आपली मध्यरेखा उज्जैनवरून मोजीत, जशी आज जगात ग्रीनिचवरून मोजतात. यंत्रे म्हणजे पितळेची नव्हेत. भिंती, पायऱ्या आणि दगडी कंस. सम्राट यंत्राची तिरपी भिंत जमिनीशी सुमारे २३ अंश ११ कलांचा कोन करते. उज्जैनचे अक्षांश तेवढेच. त्यामुळे भिंतीची वरची कड पृथ्वीच्या आसाला समांतर राहते, आणि तिची सावली बाजूच्या दगडी कंसावर पडते त्यावरून वेळ वाचतात. आम्ही आमचे घड्याळ लावून पाहिले. सुमारे अर्ध्या तासाचा फरक पडला, तेव्हा राखणदाराने हसून सांगितले की चूक दगडाची नाही. आपले भारतीय प्रमाणवेळेचे घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचे, आणि उज्जैन त्याच्या पुष्कळ पश्चिमेला. येथील सूर्य सुमारे २७ मिनिटे मागे असतो, आणि ऋतुमानाप्रमाणे त्यात आणखी काही मिनिटांची भर पडते किंवा घट होते.

या वेधशाळांच्या इतिहासात येशूसंघी धर्मगुरूंचा भाग आहे, तो आमच्या वाचकांस फारसा ठाऊक नसावा. युरोपात ग्रहगणित कोठवर गेले आहे हे जाणून घेण्याची जयसिंगाला तळमळ होती. त्याने आग्र्याचे येशूसंघी पाद्री मानुएल द फिगेरेदो यांच्याबरोबर आपली माणसे पोर्तुगालला धाडली. ती मंडळी लिस्बनला जाऊन पॅरिसच्या ला हीर या ज्योतिर्विदाची कोष्टके घेऊन परत आली. जयसिंगाने ती स्वतःच्या वेधांशी ताडून पाहिली, आणि चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाची चूक आहे असे आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवले. पुस्तक युरोपचे म्हणून मान तुकविली नाही, आणि परक्याचे म्हणून फेकूनही दिले नाही. १७३४ मध्ये चंद्रनगरहून फादर बूदिए व फादर पोन्स हे दोन फ्रेंच येशूसंघी जयपूरला आले. वाटेत गावोगावी त्यांनी अक्षांश मोजले. १७४० मध्ये जर्मन प्रदेशातून फादर श्ट्रोब्ल व फादर गाबेल्सपेर्गर आले. त्यांच्या मागोमाग १७४३ मध्ये फादर योसेफ टीफेनथालर हिंदुस्थानात उतरले, तेही या वेधशाळांच्या कामासाठी. पण त्याच वर्षी जयसिंग वारला आणि बेत मोडला. टीफेनथालर परत गेले नाहीत. ग्वाल्हेरजवळ नरवर येथे त्यांनी पुष्कळ वर्षे काढली आणि उत्तर हिंदुस्थानची नगरे, नद्या, रस्ते यांचे वर्णन लिहिले. १७८५ मध्ये लखनौला त्यांचे देहावसान झाले. त्यांची कबर आग्र्यास आहे.

वेधशाळा मध्यंतरी मोडकळीस आली होती. १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी ती दुरुस्त करविली, आणि पुढे तेथील काम पाहिले ते गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदांनी. पुन्हा आमचीच माणसे.

राजधानी मोडण्याची सुरुवात जुलै १८०१ मध्ये झाली. यशवंतराव होळकर शिंद्यांच्या उज्जैनवर चालून आले. शहराच्या रक्षणास शिंद्यांचा डच वंशाचा सेनानी जॉर्ज हेसिंग होता. त्याची फौज पार मोडली आणि बहुतेक गोरे अंमलदार मारले गेले किंवा पकडले गेले. जॉर्जचा बाप जॉन हेसिंग दोन वर्षांनी आग्र्याला मरण पावला. आग्र्याच्या कॅथॉलिक दफनभूमीत तांबड्या दगडाचा एक छोटा ताजमहाल आहे, तो या जॉन हेसिंगची कबर होय. त्याच सालच्या ऑक्टोबरात शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्यांनी होळकरांचे इंदूर लुटून सूड घेतला. शेजारशेजारची दोन मराठी शहरे मराठ्यांनीच नागवली. इंग्रजाला वेगळे काही करावे लागले नाही.

१८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली आपला तळ दिला. तो तळ उठलाच नाही. तंबूंची घरे झाली, छावणीच्या रांगांचे रस्ते झाले, आणि नावही 'लष्कर' असेच राहिले. उज्जैनची राजधानी गेली.

राजधानी गेली की शहराचे काय होते, याची दोन उदाहरणे आमच्या वाचकांच्या अंगणात आहेत. वसईच्या कोटात आज चिंचा, माड आणि छप्पर नसलेली देवळे उरली आहेत. जुने गोवे साथींनी रिकामे होत गेले. तेथील पडक्या घरांचे दगड पणजीच्या इमारतींसाठी नेले, आणि १८४३ मध्ये पणजी ही अधिकृत राजधानी झाली. राहिली ती मुख्यत्वे देवळे आणि मठ. उज्जैनचे तसे झाले नाही. दरबार गेला, फौज गेली, पण क्षिप्रेच्या घाटावर येणारा यात्रेकरू थांबला नाही, आणि यात्रेकरूबरोबर हलवाई, कासार, कपडेवाला, पुजारी, धर्मशाळेचा रखवालदार हे सर्व राहिले. जुन्या गोव्यात भाविक सणाला येत आणि संध्याकाळी परत जात. उज्जैनात ते ओट्यावर मुक्काम करीत. आमच्या मते शहर वाचले ते या मुक्कामामुळे.

राजधानी गेल्यावरची सर्वांत देखणी इमारतही एका मराठी स्त्रीची आहे. दौलतरावांची पत्नी बायजाबाई. ही कागलच्या घाटग्यांची, आणि वर सांगितलेल्या सर्जेरावांचीच मुलगी. पतीच्या मागे १८२७ ते १८३३ पर्यंत तिने ग्वाल्हेरचा कारभार हाकला, पुढे दत्तक मुलाशी बिनसून ती पदभ्रष्ट झाली, आणि आयुष्यातील काही वर्षे तिने उज्जैनला काढली. बाजाराच्या भर चौकात तिने गोपाळ मंदिर बांधले. पांढऱ्या संगमरवरी शिखराचे हे देऊळ, मराठी वाड्यासारखा त्याचा चौक, आणि रुप्याने मढविलेली दारे. ती दारे सोमनाथाची, गझनीला गेलेली व महादजींनी परत आणलेली, असे लोक सांगतात. लोकांचे सांगणे आम्ही सांगितले, पैज मारणार नाही. बापाने इंदूर लुटले आणि मुलीने उज्जैनच्या बाजाराला त्याचा सर्वांत सुंदर चौक दिला, हे मात्र खरे.

रेल्वे आल्यानंतरचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. लोहमार्गाच्या पलीकडे माधवराव शिंद्यांच्या काळात नवी पेठ आखली गेली. तिला माधवनगर किंवा फ्रीगंज म्हणतात. फूटपट्टीने ओढल्यासारखे काटकोनी रस्ते, मध्यभागी घड्याळाचा मनोरा. नीटनेटकी जागा, पण दुपारी सावली शोधावी लागते. १९४८ मध्ये संस्थान मध्यभारतात गेले, १९५६ मध्ये मध्यप्रदेशात. मग वसाहतींवर वसाहती दक्षिणेस वाढल्या आणि नानाखेडे शहरात आले.

आता त्या लाल रेघेकडे वळू. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी महाकालाच्या देवळामागे 'महाकाल लोक' नावाचा भव्य मार्ग खुला झाला. दगडी खांब, पुतळे, तळ्याकाठी नऊशे मीटरहून लांब चालण्याची वाट. तेव्हापासून यात्रेकरूंची संख्या पूर्वी कधी नव्हती एवढी वाढली आहे, आणि २०२८ मध्ये सिंहस्थ आहे. जुन्या शहरातील गल्ल्यांत तो लोंढा मावत नाही. म्हणून केडी गेटपासून इमली तिराह्यापर्यंतचा रस्ता रुंद केला गेला, त्यात दुतर्फाची घरे मागे सरली आणि निरनिराळ्या धर्मांची प्रार्थनास्थळेही हलली. २०२५ च्या जानेवारीत देवळाच्या परिसरातील निजामुद्दीन वसाहतीत अडीचशेच्या वर बांधकामे पाडण्यात आली. आणखी रस्ते क्रमाने लागणार आहेत.

रस्ता रुंद करू नये, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. चेंगराचेंगरीत माणसे कशी मरतात हे या देशाने अनेक यात्रांत पाहिले आहे, आणि आजाऱ्याला नेणारी गाडी ज्या गल्लीत शिरत नाही तिचे गोडवे बाहेरच्या माणसाने गाऊ नयेत. पण ज्या घरांत हंटरचे शहर अजून उभे आहे, ती पाडण्यापूर्वी त्यांची मापे घ्यावीत, नकाशे काढावेत, सुतारकाम उतरवून ठेवावे, एवढे तरी मागता येईल. गढाचा पंचाहत्तर मीटरचा मातीचा तट मोजावयास शासनाने माणसे लावली, ती गोष्ट योग्यच झाली. ज्यात माणसे राहतात त्या भिंतीला मात्र कोणी माप लावीत नाही. लावले तर ते पाडण्यापुरते.

निघण्याच्या दिवशी आम्ही आजींचा निरोप घ्यावयास गेलो. त्यांच्या मुलाने नानाखेड्याच्या पुढे, इंदूर रस्त्याला, तिसऱ्या मजल्यावर घर घेतले आहे. “पैसे मिळतील म्हणतात दीड हाताचे,” त्या म्हणाल्या, “पण ओटाच गेला तर दार कशात उघडायचं, भाऊ? रस्त्यात?” दाराची चौकट सागवानी, तिच्यावर केळफुलाची नक्षी. ती नव्या घरी न्यावी असे घरातल्यांच्या मनात आहे. नातवाने टेप लावून पाहिला. चौकट नव्या घराच्या दारापेक्षा दोन वीत रुंद निघाली. जिन्यातूनही ती वर जाईनाशी होईल. शेवटी असे ठरले की चौकट सुट्टी करावी आणि मधल्या खोलीत भिंतीला उभी करून ठेवावी. जोत्याचे दगड कोणी नेणार आहे का, हे विचारण्यास त्या दिवशी सकाळीच एक ठेकेदार येऊन गेला होता.